सगळेच उजवे हात

चेरीताल, जबलपूर
रविवार दुपार (आत मिक्सर चालू आहे)

चि. विपुल,

रत्नाकरमामाचे तुला पोटभर आशीर्वाद. मामीचेही आहेतच, पण ते मी तिला न विचारता परस्पर पाठवतो आहे, तेव्हा फोनवर "मामी, तुझे आशीर्वाद पोचले" असं काही बोलून बसू नकोस. तुझी कंबर आता कशी आहे? तुझी आई सांगत होती, की तू त्या ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीत बसून काम करतोस, तिच्यातच जेवतोस आणि तिच्यातच झोपतोस. बाबा रे, कंबर ही काही कंपनीने दिलेली वस्तू नव्हे, बिघडली तर बदलून मिळत नाही. तिळाचं तेल कोमट करून लाव. पुण्यात तिळाचं तेल मिळत असावं. मिळत नसेल तर तिकडे एवढी माणसं राहतात कशी, ते सवडीने कळव. इकडे सगळं ठीक. मामीचा गुडघा ठीक, गॅलरीतली जाई ठीक, फक्त माझं ब्लडप्रेशर जरा चढलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही ताण आहे का? म्हटलं, घरात नाही, जपानमध्ये आहे. त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं.

आता तुला वाटेल, हातात चांगला फोन असताना म्हाताऱ्याने पोस्टाचं पाकीट काहून आणलं. कारण आहे. ते ओघात येईल, आणि ओघात नाही आलं तर ताज्या कलमात येईल. तूर्त एवढंच, की या पत्राचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे, कारण तू मराठी समजतोस आमच्यासारखी आणि वाचतोस पाहुण्यासारखी. मी गॅलरीत बसलो आहे, मामी आत दहीवड्यांची डाळ वाटते आहे, थोडी थोडी. तो मिक्सर चालू आहे तोवर मला लिहिता येईल. (मिक्सरची गरज अशी, की तीन वर्षं मोठ्याने वाचून वाचून माझी जीभ डोळ्यांना बांधली गेली आहे. नुसतं मनात वाचणं नाही की मनात लिहिणं नाही. बँकेत स्लिप भरली तरी मागच्या सगळ्या रांगेला रक्कम कळते.)

तर विषय 'राखेची वेस'चा. पुस्तकाचा नव्हे, पुस्तक सोनं आहे. त्या सोन्यावरून जपान्यांनी जे अ‍ॅनिमे, म्हणजे टीव्हीवरचं हलतं कार्टून, काढलं आहे, त्या पितळेचा. पितळ तरी कसं म्हणू, पितळेला घासलं तर चमक येते.

यातलं निम्मं तुला ठाऊक आहे, निम्मं नाही, म्हणून मुळापासून सांगतो. मामीची नजर काचबिंदूने गेली तेव्हा घरात येणारा जो तो तिच्याशी पाकात बुडवून बोलायला लागला. ज्योतीताई, तुम्ही किती छान दिसून राहिल्या. ज्योतीताई, पडदे किती सुंदर. (पडद्यावर आमटीचा डाग होता, हातभर.) मामी म्हणजे जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. मुलाने आंबा काढला आणि तो बटाट्यासारखा झाला, तर "बटाटा छान आहे, आता आंबा काढ" म्हणणारी. तिने एक दिवस मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता तुमच्याच डोळ्यांनी पाहायचं आहे मला, तर एक अट आहे. गोड करून सांगायचं नाही. डाग असेल तर डाग सांगायचा." मी हो म्हटलं. आणि पाळलं हो! तिचे केस पिकले तेव्हा सांगितलं, शेजारच्या नंदाताईंनी नवी साडी नेसून "कशी दिसते?" म्हणून विचारलं तेव्हाही मामीला खरं सांगितलं, नंदाताईंच्या देखत. त्या महिनाभर आल्या नाहीत.

वर्तमानपत्रं वाचून झाली, लायब्ररीतल्या कादंबऱ्या झाल्या. पण मामीला शब्द पुरेनात. म्हणाली, चित्र असलेलं काही नाही का घरात? तेव्हा मला तू माळ्यावर टाकून गेलेला खोका आठवला. तू इथून इंजिनिअरिंग करून गेलास, डिग्री घेऊन गेलास, बादलीसुद्धा घेऊन गेलास, आणि ही पुस्तकं मात्र मामाच्या माळ्यावर ठेवलीस, यासाठी तुला शंभर गुन्हे माफ. मी धूळ झटकली, पहिलं पुस्तक उघडलं आणि इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन सुरू केलं. आता ही जपानी चित्रकथा उजवीकडून वाचायची असते, हे मला कोण सांगणार? आपण आपलं डावीकडून धरलं. अख्खं पुस्तक उलटं वाचलं. आमच्या वाचनात नगर आधी जळत होतं आणि हळूहळू विझत गेलं. मेलेली माणसं उठून आपापल्या घरी गेली. जखमा मिटल्या. आणि शेवटी त्यातल्या नायकाचा, इसेनचा, तुटलेला हात कुठूनसा आला, खांद्याला चिकटला आणि तो आईच्या हातचं गरम जेवायला बसला. मामीने हात जोडले. म्हणाली, किती शुभ पुस्तक आहे हो! मी मोठ्या समाधानाने तुला फोन केला, आणि तू इतका हसलास, की मला वाटलं लाईन खराब झाली. मग सुलट वाचलं. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच ते नगर जाळलं.

पण गोडी लागली ती सुलटचीच. रोज चहा झाला की मी पाटावर पुस्तक ठेवून बसायचो, समोर मामी, अगदी पोथी लागल्यासारखं. एक पुस्तक संपलं की शिरा. (इतकी माणसं ज्यात मरतात त्याची समाप्ती कोरडी कशी करायची, असं मामीचं म्हणणं.) गोष्ट काय, तर एक शापित नगर, त्याला एकच वेस, आणि तिचा पहारेकरी इसेन. वेस लावून घेताना याचा उजवा हात दारात सापडून तुटलेला. उरलेल्या डाव्या हातात वेशीचा लोखंडी अडसर, तेच त्याचं शस्त्र. रात्री बाहेरून राक्षस येतात आणि दार ठोठावतात, पण राक्षसाच्या आवाजात नाही, तुमच्या-आमच्या गेलेल्या माणसांच्या आवाजात. उघडायचं की नाही, एवढीच गोष्ट. पण काय गोष्ट आहे! इसेन आमच्याकडे आपली घरची मराठी बोलायचा. राक्षसांना मी कमानिया गेटच्या कापड दुकानदारांची हिंदी दिली होती. "आइए, आइए, अंदर तो आइए, लेना न लेना बाद की बात है." मामीच्या अंगावर काटा यायचा. तिने त्या बाजारात जाणं सोडलं.

आणि चित्रं! मी जन्मभर फॅक्टरीत ट्रकचे सुटे भाग मोजले, मला चित्रातलं काय कळतं? पण मामी सोडायची नाही. रेघ जाड की बारीक? काळं म्हणता, किती काळं? मग आम्ही काळ्याचं मापच ठरवलं. कढईच्या बुडाचं काळं, काजळाचं काळं, जांभूळ खाल्ल्यावर जिभेचं काळं, आणि अवसेला ग्वारीघाटावर नर्मदेचं जे पाणी दिसतं ते काळं. हे शेवटचं त्या चित्रकाराने फार जपून वापरलं आहे. ज्या पानावर ते यायचं त्या पानावर मी आधी नुसता पाहतच राहायचो. मामी वाट पाहायची. मग सांगायचो.

सगळ्यात मोठं चित्र म्हणजे हातांचा राक्षस. तुला आठवत असेल, दोन्ही पानं भरून. ज्यांना ज्यांना वेशीच्या आत घेतलं नाही, त्यांच्या हातांचा झालेला. एकही हात दुसऱ्यासारखा नाही. एकात बांगडी, एक पोराचा मोजा घातलेला, एकाच्या बोटांत अजून पळी धरलेली, एक म्हाताऱ्याचा, नखं वाढलेली, एक नुसताच उघडा, भीक मागावी तसा. त्या एका चित्रावर आम्ही पंधरवडा काढला. मी एकेक हात सांगायचो, आणि मामी तो हात आपल्या हाताने करून बघायची. बोटं अशी? अंगठा आत? बांगडीचा हात आला तेव्हा ती बराच वेळ तो तसाच धरून बसली आणि म्हणाली, दिसला. विपुल, नजर गेल्यापासून 'दिसलं' हा शब्द मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी पुस्तक संपलं नव्हतं तरी शिरा केला.

(मिक्सर थांबला. मीही थांबतो. — चलो, सुरू झाला. फक्त झाकण काढून पाणी घातलं असावं.)

अशात तू कळवलंस, की 'राखेची वेस'वर अ‍ॅनिमे येतं आहे, तेही हिंदीत. मामीला एवढा आनंद झालेला मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. म्हणाली, आता तुमच्या घशाला आराम. सगळे आवाज ऐकू येतील, दार ऐकू येईल, वारा ऐकू येईल. तुम्ही फक्त चित्र सांगा. शेजारच्या शैलेंद्रने आपलं खातं आमच्या टीव्हीला जोडून दिलं. पहिल्या भागाला मी कमानिया गेटहून खोव्याची जलेबी आणली, मामीने शिरा केला, नंदाताई गजरा माळून आल्या. (साडीचं प्रकरण विसरल्या होत्या, जलेबीचा हा गुण आहे.) मामी तर आपलं शाळेच्या स्नेहसंमेलनाचं रेशमी पातळ नेसून अगदी टीव्हीसमोर बसली.

आणि सुरू झालं. आधी गाणं. नगर शापित, माणसं अर्धपोटी, आणि सगळी जण रांगेत उड्या मारून राहिली होती, जशी शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलं. केस तर असे उडत होते, की आत्ताच सगळे मिळून सलूनमधून निघाले. आणि मधोमध इसेन, दोन्ही हात वर करून! दोन्ही! अरे, ज्याचा हात तुटला म्हणून ही सगळी कहाणी, त्याला तुम्ही गाण्यापुरता हात लावून देता? शैलेंद्र म्हणाला, "काकाजी, गाणं फक्त शोसाठी असते, आगे देखो." आगे पाहिलं. पुढे चित्र हलेचना! इसेन वेशीपाशी उभा, नुसता उभा, आणि कॅमेरा त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत सावकाश चढतो आहे, जसा महानगरपालिकेचा माणूस खांबावर चढतो. मग तोच कॅमेरा उतरतो. अरे, चित्र स्थिरच ठेवून नुसतं वर-खाली हलवायचं होतं, तर माझं पुस्तक काय वाईट होतं? मी ते हातात धरून हलवलं असतं, घरबसल्या, नंदाताईंच्या पुढ्यात. अर्ध्या भागात मागल्या आठवणी, उरलेल्यात पुढच्या भागाची चुणूक, आणि मधे जी चिमूटभर गोष्ट उरते तीत गावकरी येतात. त्यांना चेहरेच नाहीत. सोललेल्या बटाट्यांना टोपडी घालून उभं केलं आहे.

रात्रीचं तर विचारूच नकोस. गोष्टीत दिवस उगवत नाही आणि यांच्याकडे रात्रीच होत नाही. सगळं नगर नव्या मिठाईच्या दुकानासारखं लखलखीत. काळा रंग एकच, सगळीकडे एकच, शैलेंद्र केसांना लावतो तो. (हे त्याला कळवू नकोस, खातं त्याचं आहे.) राक्षस कॉम्प्युटरने केलेले, तेलकट, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखे. ते चालत नाहीत. पाय न उचलता सरकतात. लादीवर फिनेलचं पाणी पडलं होतं तेव्हा नंदाताई देवघरापासून दारापर्यंत गेल्या होत्या, तसे. आणि बोलतात कसे, तर बातम्या दिल्यासारखे. "मैं तुम्हारी माँ हूँ, द्वार खोलो." इतक्या कोरड्या आवाजात तर वीजबिलाचा माणूससुद्धा दार उघडायला सांगत नाही. आमचा कापड दुकानदार शतपटीने भयंकर होता.

आता खरी गोष्ट. गाण्यातच मामीने विचारलं होतं, "इसेन कसा दिसतो?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती रेशमी पातळात बसली होती, हात मांडीवर उघडे, जसे प्रसाद घ्यायला धरतात. आणि माझ्या तोंडून निघालं, "एका हाताचा. रिकामी बाही वाऱ्यावर उडून राहिली आहे." शैलेंद्रने माझ्याकडे पाहिलं. नंदाताईंनी जलेबी तोंडापाशीच थांबवली. मी दोघांकडे असं पाहिलं, की त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मामी म्हणाली, "आणि रात्र?" म्हटलं, "ग्वारीघाट. अवस."

झालं. अट मोडली. एकदा सुरुवात केली ती केलीच. भेडाघाटला नाववाला कोणत्याही दगडाकडे बोट करून हत्ती दाखवतो, घोडा दाखवतो, आणि आपण मान डोलावतो, तसा मी सात आठवडे माझ्याच घरात नाववाला झालो आहे. टीव्हीवर बटाटे चालले आहेत आणि मी पुस्तकातली पानं सांगतो आहे, पाठ झालेली. मामी खूश. म्हणते, किती मेहनत घेतली हो त्यांनी! शैलेंद्र दुसऱ्याच भागाला "ऑफिसचं काम आहे" म्हणून उठला. नंदाताई टिकल्या, पण त्या शिऱ्यासाठी.

आणि परवा सातवा भाग. हातांचा राक्षस. मामीने बदाम घालून शिरा केला. पडद्यावर वेस थरथरली, धूर आला (उदबत्तीएवढा), आणि तो आला. विपुल, त्यांनी एकच हात काढला होता. एक! कॉम्प्युटरवर एक हात काढला, आणि तोच चिकटवला, तोच चिकटवला, वरपासून खालपर्यंत, दोरीवर रबरी हातमोजे वाळत घालावेत तसा. ना बांगडी, ना पळी, ना मोजा. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. सगळेच्या सगळे उजवे हात! एवढा मोठा राक्षस आणि डावा हात औषधाला नाही. जगात डावा हात असतो, हे त्या संबंध कंपनीत कोणाला ठाऊक नसावं. जेवण झाल्यावर ते हात धुतात तरी कसे, देव जाणे. राग असा आला, की टीव्हीला चप्पल मारावी. तेवढ्यात मामीने माझी बाही धरली. "आले का हो हात?"

म्हटलं, आले.

"बांगडीचा कुठे आहे?"

म्हटलं, वर, डावीकडे. हलतो आहे. बांगडी वाजते आहे, पण संगीतात ऐकू येत नाही.

तिने आपला हात तसा केला, त्या दिवशी केला होता तसा, आणि भाग संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. नंदाताई डोळे पुसत उठल्या आणि शिरा न घेता गेल्या. आता तूच सांग, मी काय करायचं होतं?

असो. ज्यांनी हे केलं त्यांच्या घरी चांगलं-चुंगलं शिजो, त्यांच्या मुलाबाळांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, आणि त्या शंभर वर्षांत त्यांनी पुन्हा पेन्सिल हातात धरू नये, एवढंच माझं देवाकडे मागणं आहे. तू कंबर जप. वेळेवर जेव.

तुझा,
रत्नाकरमामा

ता. क. — ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. तू दर भाग संपला की ग्रुपवर जे टाकतोस ना, "कचरा", "मूळ पुस्तकाचा खून", आणि ती हसणारी तोंडं, ते बंद कर. तुझ्या मामीचा फोन आलेला प्रत्येक निरोप मोठ्याने वाचून दाखवतो, हे तू विसरलास. परवा मी अंघोळीला गेलो होतो आणि बाहेर ती यंत्रातली बाई खणखणीत आवाजात म्हणून राहिली होती, "विपुल. सातवा भाग. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून..." मी टॉवेलावर धावत आलो आणि फोन बंद केला. मामीला सांगितलं, तुला फार आवडलं म्हणून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणूनच हे पत्र, फोन नाही. माझ्या फोनवर लिहिलं तरी तुझं उत्तर तिच्या फोनवर बोलायला लागेल, तुझा काही भरवसा नाही.

दुसरा ता. क. — संध्याकाळी मामी तुला फोन करते, तसा याही रविवारी करेल. पण पत्र तोवर पोचणार नाही, म्हणून या रविवारी फोन उचलूच नकोस असं तुझ्या आईकरवी कळवतो आहे. पुढल्या रविवारी विचारेल, कसा झाला राक्षस? सांगायचं, "पुस्तकापेक्षा सरस." एवढं तोंडातून निघत नसेल तर "पुस्तकासारखाच." बांगडी वर डावीकडे, पळी मधोमध, मोज्याचा हात खाली कोपऱ्यात. पाठ कर. मामी उलटतपासणी घेते. तिचा विश्वास माझ्या जिभेवर टेकला आहे रे. एवढा एक खांब मोडला तर ती पुढे कोणाला विचारेल, की पडद्यावर डाग आहे का?

तिसरा ता. क. — पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात मामी बाहेर आली. हाताला डाळीचं पीठ तसंच. म्हणाली, "झालं लिहून?" म्हटलं, काय? म्हणाली, "मिक्सर चालू झाला की तुम्ही आवाज चढवता. आणि पाठ करायला देता, तेही विपुलला, ज्याला पाढे येत नव्हते! बांगडी वर डावीकडे, पळी मधोमध. मी आणि शेजारची दोन घरं, सगळ्यांचं पाठ झालं आहे." मग ती शेजारच्या खुर्चीत बसली. तिला हे आज कळलं नव्हतं, विपुल. पहिल्याच भागात कळलं होतं. म्हणाली, "मोठं चित्र आलं, की तुम्ही आधी गप्प होता. खूप वेळ. ते गप्प राहणं ऐकूनच मला कळायचं, की काहीतरी पाहण्यासारखं आलं. या सात भागांत तुम्ही एकदाही गप्प बसला नाहीत." मी विचारलं, मग इतके दिवस बोलली काहून नाहीस? म्हणाली, "तुम्ही इतकं छान सांगून राहिले होते. म्हटलं, पाहू कुठवर नेता. पण अट मोडली ती मोडली." आणि शिक्षा सांगितली. पहिल्या भागापासून पुन्हा बसायचं. पडद्यावर जे आहे तेच सांगायचं, बटाटे, टोपडी, फिनेल, सगळं. एक उजवा हात गाळायचा नाही. आवाज मात्र बंद ठेवायचा. तो बातम्यांवाला राक्षस तिला सहन होत नाही, त्याच्या जागी दुकानदार पाहिजे.

तेव्हा वरचे दोन्ही ता. क. रद्द समज. फोन उचल, तुझ्या आईलाही तसं कळवतो. ग्रुपवर जे लिहायचं ते लिही, हसरी तोंडं जरा जास्त टाक, मामीला त्या यंत्रातल्या बाईच्या तोंडून ती ऐकायला आवडतात, असं आज कळलं.

चौथा आणि खरोखरचा शेवटचा ता. क. — पाकीट अजून उघडंच आहे. पहिला भाग लावला आहे. नंदाताईंना हाक मारली, त्या शिऱ्याचं पातेलंच घेऊन बसल्या आहेत. गाणं सुरू झालं आणि मी घसा साफ करून मामीला सांगितलं, की खरं म्हणजे इसेनला इथे दोन हात आहेत, आणि दोन्ही वर करून तो उड्या मारतो आहे. ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. पाणी प्यायली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग दुसरा हात त्याने त्या राक्षसाकडूनच मागून आणला असेल. नीट बघा हो, उजवाच आहे ना?"

बघितलं. उजवाच आहे.